अमीबा विष ओकतो की लचका तोडतो?

"एंटामीबा हिस्टोलिटिका हा परजीवी विषारी रेणू स्रवतो आणि त्यामुळे आतड्याच्या पेशी मरतात." अशा अर्थाचं वाक्य तुम्ही एम.एस्सी.च्या नोट्समध्ये कधी ना कधी लिहिलं असेलच. परीक्षेत ते चालून जातं, मार्कही मिळतात. पण हेच वाक्य पीएच.डी.च्या प्रस्तावात पहिल्या पानावर दिसलं की मी तिथे अडते. कारण 'स्रवतो' या एका क्रियापदात तीन वेगळे दावे गुपचूप बसलेले असतात. रेणू अमीबाच्या बाहेर पडतो, हा पहिला. बाहेर पडून तो आपल्या पेशीवर काम करतो, हा दुसरा. आणि पेशी मरते ती त्याच्यामुळेच, हा तिसरा. तिन्हींना पुरावा वेगवेगळा लागतो. या विषयावरचं बरंचसं साहित्य पहिल्या दाव्याचा पुरावा देऊन तिसऱ्याचा निष्कर्ष काढतं, आणि आपण तो तसाच उतरवून घेतो.

नावाचाही यात हात आहे. फ्रिट्झ शाउडिन यांनी १९०३ मध्ये 'हिस्टोलिटिका' हे नाव दिलं, म्हणजे ऊती विरघळवणारा. तेव्हा सूक्ष्मदर्शकाखाली आतड्यातले व्रण आणि त्यात हिंडणारे अमीबा दिसत होते, रेणूंचा पत्ता नव्हता. पण विरघळवायचं म्हटलं की काहीतरी ओतलं जात असणार, असं आपलं मन आपोआप धरून चालतं.

आता संशयितांकडे वळू. सगळ्यात गाजलेला म्हणजे अमीबापोअर. ७७ अमिनो आम्लांचं छोटंसं प्रथिन, अमीबाच्या आतल्या कणिकांमध्ये साठवलेलं. शुद्ध करून कृत्रिम पटलावर टाकलं की ते छिद्रं पाडतं. जर्मनीत मथियास लाइप्पे यांनी यावर फार नेटकं काम केलं आहे. पण पेपर वाचताना एक प्रश्न विचारायचा: हे शुद्ध केलं कशातून? अमीबा फोडून केलेल्या अर्कातून. अमीबा ज्या माध्यमात वाढत होते, त्यातून नाही. शिवाय हे प्रथिन नीट काम करतं ते आम्लधर्मी वातावरणात, आणि आपल्या ऊतींचा पीएच असतो ७.४ च्या आसपास. अमीबाने गिळलेले जिवाणू ज्या पोकळीत पचवले जातात तिथे मात्र हवं तेवढं आम्ल असतं. म्हणजे हे हत्यार मुळात जेवण पचवण्यासाठी असावं, ही शंका रास्त आहे.

मग ते निर्दोष का? नाही, इथे गंमत आहे. इस्राएलच्या वाइझमन संस्थेत रिव्का ब्राखा आणि डेव्हिड मिरेलमन यांच्या गटाने अमीबापोअर-ए चं जनुक कायमचं गप्प केलेला जी-३ नावाचा वाण तयार केला. २००४ मध्ये तो वाण वापरून सॅम्युएल स्टॅनली यांच्या गटासोबत जो पेपर आला तो माझ्या मते या विषयातला सगळ्यात प्रामाणिक पेपर आहे. यकृतातल्या गळवात अमीबापोअर नसेल तर रोगाचा पूर्ण जोर दिसत नाही. पण आतड्यात? तिथे अमीबापोअर नसतानाही सूज येते, ऊतींचं नुकसान होतं. तोच परजीवी, तोच रेणू, अवयव बदलला आणि उत्तर बदललं. "अमीबापोअर हा विषाणुतेचा घटक आहे का?" या प्रश्नाला यापुढे कोणी नुसतं 'हो' म्हटलं, तर "कुठल्या अवयवात?" असं विचारायला हवं. (विषाणुता हा शब्द मला आवडत नाही, विषाणूंशी घोळ होतो. पण पाठ्यपुस्तकात तोच आहे.)

दुसरे संशयित म्हणजे सिस्टीन प्रोटिएज, प्रथिनं कापणारी विकरं. यांच्याबाबतीत पहिला दावा पक्का आहे: जिवंत अमीबा ही विकरं खरोखर बाहेर सोडतो, माध्यमात ती मोजता येतात. दुसराही बऱ्यापैकी पक्का आहे. आतड्यावरच्या श्लेष्माच्या थराचं मुख्य प्रथिन म्यूक-२ ही विकरं कापतात, आपली प्रतिपिंडं कापतात, पेशींना धरून ठेवणारी जाळी कापतात. यातलं सीपी-५ तर आतड्याच्या पेशींवरच्या इंटिग्रिनला चिकटून सूज आणणारे संदेश सुरू करतं. म्हणजे काही नुकसान आपल्याच संरक्षक पेशी धावून येऊन करतात.

आणि तिसरा दावा? तो मात्र डळमळतो, आणि त्याचं कारण एक साधी चाचणी आहे. तुमच्यापैकी कोणी अमीबावर काम करणार असाल तर ही चाचणी करावीच लागेल. काचेच्या तळाला चिकटलेल्या पेशींच्या थरावर अमीबा सोडायचे, काही वेळाने धुऊन टाकायचे, उरलेल्या पेशी मिथिलीन ब्लूने रंगवायच्या आणि रंग मोजायचा. रंग कमी म्हणजे पेशी कमी. तक्त्यात लिहिलं जातं 'थराचा नाश', आणि दोन पानांनंतर चर्चेत त्याचं होतं 'पेशींचा मृत्यू'. पण प्रोटिएजने पेशींचे पाय सोडवले तर त्या गोल होतात, सुटतात आणि धुण्यात वाहून जातात, जिवंतच. सुटलेली पेशी म्हणजे मेलेली पेशी नव्हे. वाहून गेलेलं पाणी गोळा करून त्यातल्या पेशींवर ट्रायपॅन ब्लू टाकणं हे दहा मिनिटांचं काम आहे. ते केलं नसेल, तर त्या पेपरमधला 'मृत्यू' हा शब्द मी खोडते.

मारण्याचा सगळ्यात जुना आणि भक्कम पुरावा वेगळ्याच दिशेला बोट दाखवतो. १९८१ मध्ये रॅव्हडिन आणि गेरंट यांनी दाखवलं की अमीबाला पेशीला चिकटूच दिलं नाही, म्हणजे गॅलॅक्टोज जातीची शर्करा घालून त्याची पकड अडवली, तर तो मारू शकत नाही. पेशी त्याच भांड्यात, त्याच द्रवात आहे, पण हात लागत नाही म्हणून वाचते. दुरून फेकलेलं विष एवढं प्रभावी असतं तर शर्करेने काय फरक पडला असता?

आता २०१४ च्या 'नेचर'मधल्या पेपरकडे येऊ. व्हर्जिनिया विद्यापीठातल्या कॅथरिन राल्स्टन आणि विल्यम पेट्री यांचा. सोबत दिल्लीच्या जेएनयूतले सोमलता आणि आलोक भट्टाचार्य. त्यांनी जिवंत अमीबा आणि जिवंत मानवी पेशी कॅमेऱ्याखाली ठेवल्या, आणि दिसलं ते असं: स्पर्श झाल्यावर मिनिटभरातच अमीबा पेशीचे बारीक बारीक लचके तोडू लागतो. पेशीतलं कॅल्शियम वाढतं, मग पेशी मरते, आणि मेल्यावर अमीबा तिला सोडून निघून जातो. मेलेलं खायचंच नाही, तर हा प्रकार भुकेचा कसा म्हणायचा? याला त्यांनी ट्रोगोसायटोसिस म्हटलं. घटनांचा क्रम डोळ्यांसमोर मांडणं ही या पेपरची खरी ताकद. आधीचे बहुतेक प्रयोग फक्त शेवट मोजत होते.

पण मला यात दोन गोष्टी खटकतात. लचके थांबवायला त्यांनी जी रसायनं वापरली त्यात सायटोकॅलॅसिन-डी आहे, जे ॲक्टिनचा सांगाडा बिघडवतं. ॲक्टिन बिघडलं की लचका तर थांबतोच, पण कणिका पडद्यापर्यंत नेऊन रिकाम्या करणंही बिघडू शकतं. तेव्हा या प्रयोगावरून 'स्राव नाही, चावा' असं म्हणता येत नाही. जेएनयूच्या गटाने ओळखलेल्या ईएचसी२पीके या किनेजमध्ये फेरफार करून केलेला प्रयोग जास्त पटतो, पण त्यालाही हाच आक्षेप काही अंशी लागू होतो. दुसरं म्हणजे, २०१७ मध्ये पेट्री यांच्याच प्रयोगशाळेने दाखवलं की अमोनियम क्लोराइड घालून अमीबाच्या लायसोसोममधलं आम्ल घालवलं तर पहिला लचका तुटतो, पण पुढचे तुटत नाहीत आणि मारणंही कमी होतं. त्यांचा अर्थ: बरेच लचके जमले की पेशी मरते. पण आम्लावर चालणारा अमीबापोअर आठवतोय ना? आम्ल घालवलं की त्यालाही लगाम बसणार. अमीबा आणि पेशी यांच्यामधल्या चिकटलेल्या फटीत, जिथे बाहेरचा द्रव पोचतही नाही, थोडं अमीबापोअर सुटत असेल तर? हा माझा तर्क आहे, पुरावा नव्हे. पण जी-३ वाण त्याच कॅमेऱ्याखाली ठेवला तर दोन अर्थ वेगळे होऊ शकतात, आणि मला असे प्रयोग आवडतात ज्यांत दोन्ही बाजूंना हरायची संधी असते.

पेपरच्या शीर्षकात त्यांनी 'हातभार लावतो' एवढंच म्हटलं आहे, हे मात्र लक्षात घ्या. बातम्यांमध्ये त्याचं 'कुरतडून मारतो' झालं. लेखकांची भाषा आणि त्यांच्याबद्दल सांगणाऱ्यांची भाषा यात हा फरक नेहमीच असतो; आपण दुसरी वाचून पहिल्याचा संदर्भ देतो.

"एवढं कशाला? औषध आहेच की," असं मला एकाने विचारलं होतं. बरोबर आहे, आणि त्यातलं एक औषध तर आपल्या पश्चिम उपनगरात जन्मलं. सिबा कंपनीचं संशोधन केंद्र गोरेगावला १९६३ मध्ये सुरू झालं, उद्घाटनाला पंडित नेहरू आले होते. तिथे के. नागराजन आणि सहकाऱ्यांनी सॅट्रानिडाझोल तयार केलं, मेट्रोनिडाझोलच्याच कुळातलं. या कुळातली औषधं अमीबाच्या आत गेल्यावर, ऑक्सिजन नसलेल्या त्याच्या चयापचयामुळेच सक्रिय होतात आणि त्याला आतून मारतात. शत्रूचं हत्यार कोणतं हे त्यांना कळावंच लागत नाही. म्हणूनच हत्याराचा प्रश्न इतकी वर्षं अर्धवट राहूनही दवाखान्यात काम अडलं नाही. पण ज्यांना रोग थांबवायचा आहे, लस किंवा प्रोटिएज रोखणारं रसायन शोधायचं आहे, त्यांचं अडतं. रोखायचं काय, पकड, प्रोटिएज की लचका? तीनही गोष्टी तीन वेगवेगळ्या टप्प्यांवर आहेत. श्लेष्मा फोडताना स्राव महत्त्वाचा, मारताना स्पर्श. पुरावे एकत्र ठेवले तर मला आज तरी असंच दिसतं.

आणि जो मुंबईतल्या रुग्णांचे नमुने घेऊन हे तपासायचं म्हणतो, त्याच्यापुढे आणखी एक पेच आहे. एंटामीबा डिस्पार नावाचा जुळा भाऊ असतो, आतड्यात राहतो, सहसा काही करत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली दोघांच्या पुट्या सारख्याच दिसतात. एमिल ब्रुम्प्ट यांनी १९२५ मध्येच ही वेगळी जात असावी असं सांगितलं होतं. ते मान्य व्हायला १९९३ उजाडलं, डायमंड आणि क्लार्क यांनी पुन्हा वर्णन केलं तेव्हा. डिस्पारमध्ये सीपी-५ चं जनुक मोडकं आहे आणि अमीबापोअर कमी ताकदीचा. म्हणजे तुलनेसाठी याच्यासारखा सोबती मिळणार नाही. पण लॅबच्या रिपोर्टवर नुसतं 'ई. हिस्टोलिटिकाच्या पुट्या दिसल्या' असं असेल, तर तो कोणता भाऊ हे त्या कागदावरून सांगता येत नाही. तुम्ही शंभर नमुने गोळा कराल, त्यांचे स्राव मोजाल, सरासरी काढाल, आणि त्यात निरुपद्रवी भाऊ किती मिसळलेत हे कळणारच नाही. आधी प्रत्येक नमुन्याचा पीसीआर, मग बाकीचं. निधीच्या अर्जात या रकान्यासाठी पैसे वेगळे मागून ठेवा, नंतर मिळत नाहीत.