विक्रीनंतरची जबाबदारी : संगणक-उत्पादकांच्या फर्मवेअर-साहाय्याची चिकित्सा

प्रस्तावना

संगणक विकत घेतला की व्यवहार पूर्ण झाला, अशी खरेदीदाराची सर्वसाधारण समजूत असते. वस्तू ताब्यात आली, पावती झाली, हमीपत्र फायलीत लागले. पुढे तिचे जे काही होईल ते मालकाच्या हाती. खुर्ची, कपाट किंवा पंखा यांच्या बाबतीत ही समजूत बरोबर आहे. संगणक, प्रिंटर, राउटर यांच्या बाबतीत मात्र ती अपुरी ठरते. या यंत्रांमध्ये एक असा भाग असतो, की जो विकला जाऊनही उत्पादकाच्याच हाती राहतो. हा भाग म्हणजे फर्मवेअर. त्यातील दोष दूर करणे उत्पादकाखेरीज दुसऱ्या कोणाला सहसा शक्य नसते. उत्पादकाने ते काम केले नाही, उशिरा केले किंवा निष्काळजीपणे केले, तर मालकाजवळ फारसा उपाय उरत नाही. या विषम संबंधाची काही प्रत्यक्ष उदाहरणांच्या आधारे चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. फर्मवेअरवरील अधिकार उत्पादकाने स्वतःकडे राखला असेल, तर त्याची जबाबदारीही त्याच्याकडेच राहिली पाहिजे, हे या विवेचनाचे मुख्य सूत्र होय.

१. फर्मवेअर : संकल्पना व स्वरूप

'फर्मवेअर' हा शब्द ॲशर ऑप्लर यांनी १९६७ मध्ये 'डेटामेशन' या नियतकालिकातील लेखात रूढ केला. यंत्राचा धातू-सिलिकॉनचा देह आणि त्यावर चालणाऱ्या आज्ञावली यांच्यामधला हा थर आहे. संगणक सुरू होताच प्रथम जागा होणारा बायोस, हार्ड डिस्कमधील नियंत्रक आज्ञावली, राउटरची अंतर्गत व्यवस्था ही त्याची परिचित रूपे होत. प्रारंभी ही आज्ञावली कायमस्वरूपी चिपमध्ये कोरलेली असे. ती बदलावयाची तर चिपच बदलावी लागे. फ्लॅश मेमरीचा वापर १९९० च्या दशकात वाढला आणि चिप न काढता तिच्यातील मजकूर नव्याने लिहिणे शक्य झाले.

या सोयीने ग्राहकाचा फायदा झाला, हे नाकारता येत नाही. परंतु तिने दोषाच्या खर्चाची वाटणीही बदलली. १९९४ मध्ये लिंचबर्ग कॉलेजमधील गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली यांनी पेंटियम प्रोसेसरच्या भागाकारातील चूक उघडकीस आणली. ती चूक सिलिकॉनमध्येच होती. इंटेलला अखेर प्रोसेसर बदलून देण्याचे मान्य करावे लागले आणि त्यासाठी ४७.५ कोटी डॉलरचा भार हिशेबात दाखवावा लागला. दोष पुसता येत नव्हता, म्हणून त्याची किंमत दोष करणाऱ्याने मोजली. दोष पुन्हा लिहून सुधारण्याची सोय झाल्यावर मात्र दुरुस्तीचा वेळ, श्रम आणि धोका हळूहळू वापरकर्त्याकडे सरकला. अपुरे उत्पादन बाजारात आणून 'पुढे अपडेट देऊ' असे म्हणण्याची वाट मोकळी झाली. अपडेट येते की नाही, यावरच मग वस्तूचे मोल ठरू लागले.

२. दोष आणि त्यावरील इलाज

या परिवर्तनाचे परिणाम दोन घटनांतून स्पष्ट होतात. जानेवारी २००९ मध्ये सीगेट कंपनीने मान्य केले, की बाराकुडा ७२००.११ मालिकेतील व अन्य काही हार्ड डिस्क फर्मवेअरमधील दोषामुळे संगणक सुरू करताना अचानक निकामी होऊ शकतात. डिस्कवरील माहिती शाबूत असते, परंतु तिच्यापर्यंत पोहोचता येत नाही. कंपनीने घाईने नवे फर्मवेअर दिले. ते चढवल्यावर ५०० गिगाबाइट क्षमतेच्या काही चालू डिस्कही बंद पडल्या आणि कंपनीला ते मागे घ्यावे लागले. रोगापेक्षा इलाज भयंकर, अशी ही अवस्था होती. ज्यांनी सूचना तत्परतेने पाळली, त्यांच्यापैकीच काहींचे नुकसान झाले. या अनुभवातून सामान्य वापरकर्ता एकच धडा घेतो : चालते आहे तोवर हात लावू नये. उत्पादकाच्या एका चुकीमुळे पुढच्या आवश्यक अपडेटवरचा विश्वासही अशा रीतीने नाहीसा होतो.

दुसरी घटना नोव्हेंबर २०१९ ची आहे. हेवलेट पॅकार्ड एंटरप्राइझ या कंपनीने कळवले, की तिच्या काही एसएसडी एकूण ३२,७६८ तास, म्हणजे ३ वर्षे २७० दिवस ८ तास चालल्यानंतर कायमच्या निकामी होतील. डिस्क आणि तिच्यातील माहिती, दोन्ही परत मिळणार नाहीत. हा आकडा दोनाचा पंधरावा घात आहे, हे गणिताच्या अभ्यासकाच्या लगेच लक्षात येईल. हा दोष एकेकट्या डिस्कपुरता मर्यादित नव्हता. सर्व्हरमध्ये अनेक डिस्क एकाच दिवशी बसवतात. एक बिघडली तरी उरलेल्या डिस्कवरून काम चालावे, अशी त्यांची मांडणी असते. सर्वांचे तास एकदमच भरत असतील, तर ही मांडणीच निरर्थक ठरते. उपाय होता तो नव्या फर्मवेअरचा, आणि तोही मुदतीपूर्वी चढवला तरच. कंपनीने सूचना प्रसिद्ध केली, हे श्रेयस्कर आहे. परंतु अशी सूचना यंत्राच्या प्रत्येक मालकापर्यंत पोहोचवण्याची खात्रीची व्यवस्था या उद्योगात सर्वत्र नाही. कंपनीच्या संकेतस्थळावर नियमितपणे जाऊन पाहणे हे ग्राहकाचे कर्तव्य आहे, असे गृहीत धरले जाते.

३. अपडेटची भाषा

उत्पादकाची वृत्ती सर्वांत स्पष्टपणे दिसते ती अपडेटसोबत दिलेल्या टिपणात. मदरबोर्डच्या नव्या बायोससोबत बहुधा एकच ओळ आढळते : 'प्रणालीचे स्थैर्य सुधारले.' कोणते अस्थैर्य होते, ते कोणत्या परिस्थितीत प्रकट होत असे, कोणाला अपडेट आवश्यक आहे आणि कोणाला नाही, यांपैकी कशाचाही उल्लेख नसतो. औषधाच्या बाटलीवर केवळ 'प्रकृती सुधारते' एवढेच छापावे, तसा हा प्रकार आहे. पाठोपाठ इशारा येतो, की संगणक सुरळीत चालत असल्यास बायोस बदलू नये. बदलल्यास होणाऱ्या हानीची जबाबदारी वापरकर्त्याची राहील. अपडेट आवश्यक आहे आणि अपडेट करू नये, अशी दोन परस्परविरोधी विधाने एकाच पानावर नांदतात. दोष उघड झाला तर 'अपडेट का केले नाही' आणि यंत्र बंद पडले तर 'अपडेट का केले', असे दोन्ही बाजूंनी वापरकर्त्यालाच विचारता येते.

२०२३ मध्ये या भाषेची कसोटी लागली. एएमडीचे रायझन ७००० एक्स३डी मालिकेतील काही प्रोसेसर मदरबोर्डकडून मिळणाऱ्या अधिक व्होल्टेजमुळे जळाल्याच्या तक्रारी आल्या. हे व्होल्टेज मर्यादित करणारे नवे बायोस असूसने दिले. परंतु ते चाचणी-आवृत्तीच्या रूपात होते, आणि अशी आवृत्ती वापरल्यास हमी रद्द होऊ शकते, अशी सूचनाही तिथेच होती. जुने बायोस ठेवावे तर प्रोसेसर जळण्याची भीती, नवे घ्यावे तर हमी जाण्याची भीती. टीका झाल्यावर त्याच वर्षी मे महिन्यात कंपनीने हमी कायम राहील, असे जाहीर केले. खुलासा झाला, परंतु तो टीकेनंतर झाला. जबाबदारी नाकारण्याचे वाक्य या व्यवसायात किती सवयीने लिहिले जाते, याचे हे उदाहरण आहे.

४. साखळीतील हरवलेली जबाबदारी

एका संगणकाच्या फर्मवेअरमध्ये अनेकांचा हात असतो : प्रोसेसर बनवणारा, बायोसचा मूळ आराखडा पुरवणारा, मदरबोर्ड तयार करणारा आणि संगणक जोडून विकणारा. जानेवारी २०१८ मध्ये 'स्पेक्टर' आणि 'मेल्टडाउन' हे प्रोसेसरमधील सुरक्षादोष जाहीर झाले, तेव्हा या साखळीचे दौर्बल्य उघड झाले. इंटेलने दिलेल्या पहिल्या मायक्रोकोडमुळे काही संगणक आपोआप पुन्हापुन्हा सुरू होऊ लागले. २२ जानेवारी रोजी इंटेलनेच त्याचा प्रसार थांबवण्याचा सल्ला दिला. सुधारित मायक्रोकोड आला, तरी तो बायोसमध्ये घालून देण्याचे काम मदरबोर्ड व संगणक उत्पादकांचे होते. नव्या यंत्रांसाठी ते झाले; जुन्या अनेक यंत्रांसाठी झाले नाही. काही वापरकर्त्यांना ऑपरेटिंग सिस्टिमच्या मार्गाने मायक्रोकोड मिळाला, म्हणून उत्पादकांची उदासीनता थोडीफार झाकली गेली. एप्रिल २०१८ मध्ये इंटेलने काही जुन्या प्रोसेसर मालिकांसाठी मायक्रोकोड देणार नसल्याचे जाहीर केले. अशा यंत्राचा मालक दुकानदाराकडे गेला तर तो कंपनीकडे बोट दाखवतो आणि कंपनी प्रोसेसर बनवणाऱ्याकडे. साखळीतील प्रत्येक कडी नफ्यात वाटेकरी असते. जबाबदारीत मात्र कोणीच नसते.

५. अधिकार कोणाच्या हितासाठी?

अपडेट पोहोचवणे अवघड असते, असा उत्पादकांचा युक्तिवाद असतो. परंतु सप्टेंबर २०१६ मध्ये एचपी कंपनीच्या ऑफिसजेट मालिकेतील अनेक प्रिंटरनी अन्य उत्पादकांची शाईची कार्ट्रिज एकाएकी नाकारली. त्यामागे कंपनीचे फर्मवेअर होते. टीकेनंतर कंपनीने ग्राहकांना पुरेशी कल्पना न दिल्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली आणि निर्बंध काढणारे ऐच्छिक फर्मवेअर देऊ केले. याउलट अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने फेब्रुवारी २०१६ मध्ये असूसविरुद्ध केलेल्या तक्रारीत म्हटले होते, की कंपनीच्या राउटरमधील अपडेट तपासण्याची सोय नवे सुरक्षा-फर्मवेअर उपलब्ध असतानाही 'आपले राउटर अद्ययावत आहे' असे अनेकदा सांगत असे. त्यापूर्वी, फेब्रुवारी २०१४ मध्ये, अशा राउटरना जोडलेल्या १२,९०० हून अधिक ग्राहकांच्या साठवण-उपकरणांत परक्यांनी प्रवेश केला होता. तडजोडीनुसार कंपनीने २० वर्षे स्वतंत्र सुरक्षा-तपासणी मान्य केली.

ही दोन उदाहरणे शेजारी ठेवली असता उद्योगाचे चित्र स्पष्ट होते. विक्रीचे हित असेल तिथे फर्मवेअर ग्राहकाच्या घरात पोहोचते; ग्राहकाच्या सुरक्षिततेचा प्रश्न असेल तिथे त्याची वाट चुकते. जात्याची धार बोथट झाली तर पूर्वी टाकी लावणाऱ्या कोणाही कारागिराला बोलावता येत असे. जाते घडवणाऱ्या पाथरवटाची परवानगी लागत नसे. फर्मवेअरचे जाते मात्र घडवणाऱ्यालाच टाकता येते, कारण त्यावर त्याच्या डिजिटल स्वाक्षरीचे कुलूप असते.

६. उत्पादकांची बाजू आणि पर्याय

उत्पादकांच्या अडचणी खऱ्या आहेत. एकेका कंपनीची शेकडो मॉडेल असतात, नफ्याचे प्रमाण थोडे असते आणि प्रत्येक मॉडेलवर प्रत्येक अपडेट तपासणे खर्चाचे असते. डिजिटल स्वाक्षरीचे कुलूपही सर्वस्वी निरुपयोगी नाही. २६ एप्रिल १९९९ रोजी सीआयएच विषाणूने असंख्य संगणकांचे बायोस पुसून टाकले, ते अशा संरक्षणाच्या अभावीच. परंतु काम अशक्य आहे, हा दावा टिकत नाही. रिचर्ड ह्यूज यांनी २०१५ मध्ये लिनक्ससाठी सुरू केलेल्या सामाईक फर्मवेअर-सेवेत डेल, लेनोव्होसारख्या कंपन्या सहभागी झाल्या; त्यामुळे सामान्य सॉफ्टवेअरप्रमाणेच फर्मवेअरही अद्ययावत करता येऊ लागले. लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या राउटरची मूळ आज्ञावली मुक्त परवान्याच्या अटीमुळे २००३ मध्ये खुली करावी लागली. पुढच्याच वर्षी तिच्या आधारे ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला. उत्पादकाला एखादे मॉडेल सांभाळावयाचे नसेल, तर इतरांना ते सांभाळू देणे हा मार्ग तेव्हापासून उपलब्ध आहे.

कायद्यानेही याची दखल घेतली आहे. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून इंटरनेटला जोडल्या जाणाऱ्या ग्राहकोपयोगी उपकरणांसोबत सुरक्षा-अपडेट किमान कधीपर्यंत मिळतील, हे सांगणे बंधनकारक झाले. युरोपीय संघाचा सायबर रेझिलियन्स कायदा १० डिसेंबर २०२४ रोजी अमलात आला. त्यातील मुख्य तरतुदी ११ डिसेंबर २०२७ पासून लागू होण्याचे ठरले असून सर्वसाधारणपणे किमान पाच वर्षांचे साहाय्य त्यात अपेक्षित आहे. भारतात ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ने उत्पादन-दायित्वाची संकल्पना आणली आणि २४ डिसेंबर २०२२ रोजी 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू झाले. तथापि, या पोर्टलचे स्वरूप मुख्यतः माहिती देण्याचे आहे.

७. महाविद्यालयांच्या संदर्भात

हा प्रश्न महाविद्यालयांपासून दूर नाही. तालुक्याच्या गावातील एखाद्या महाविद्यालयाची संगणक प्रयोगशाळा डोळ्यांसमोर आणावी. एकाच खरेदीतील तीस-चाळीस संगणक, एक प्रयोगशाळा साहाय्यक आणि केव्हाही जाणारी वीज. बायोस लिहिला जात असताना वीज गेली तर मदरबोर्ड कायमचा निकामी होऊ शकतो. पेन ड्राइव्ह घेऊन प्रत्येक यंत्रापुढे बसणे आणि बॅटरीच्या भरवशावर अपडेट करणे, ही जोखीम हमी संपलेल्या यंत्रांवर कोण घेणार? साहजिकच अपडेट होत नाही आणि दोष तसेच राहतात. तिथेच विद्यार्थ्यांचे अर्ज भरले जातात, गुण नोंदवले जातात.

महाविद्यालय एकेकट्या ग्राहकाइतके दुर्बल मात्र नसते. दरपत्रके मागवताना प्रोसेसर, मेमरी आणि किंमत यांचा तक्ता होतो; त्यात फर्मवेअरचा रकाना नसतो. सुरक्षा-अपडेट किती वर्षे मिळणार, अपडेटमुळे यंत्र बंद पडल्यास ते कोण बदलून देणार, सर्व संगणक एकाच जागेवरून अद्ययावत करता येतील काय आणि गंभीर दोषाची सूचना खरेदीदाराला लेखी मिळेल काय, या चार अटी खरेदी समितीला घालता येतात. त्यांसाठी नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही.

निष्कर्ष

फर्मवेअर-साहाय्य हा विक्रीनंतरचा उपकार नसून विकलेल्या वस्तूचाच भाग आहे. जे दुरुस्त करण्याची मुभा मालकाला नाही, ते दुरुस्त ठेवण्याचे बंधन उत्पादकावर असले पाहिजे. आणि ते बंधन नको असेल, तर कुलूप उघडून दिले पाहिजे. अधिकार कंपनीचा आणि धोका ग्राहकाचा, ही आजची वाटणी तंत्रज्ञानाने अपरिहार्य केलेली नाही. खरेदीदाराने खरेदीच्या वेळी प्रश्न विचारला नाही, हेही ती टिकून राहण्याचे एक कारण आहे. तो प्रश्न विचारण्याची सुरुवात शिक्षणसंस्थांना पुढच्या खरेदीपासूनच करता येईल.