बडीशेपेच्या बशीतले पैसे

मराठीत 'टिप'ला शब्द नाही अशी तक्रार अधूनमधून ऐकू येते. ती खरी नाही. शब्द हवे तेवढे आहेत. अडचण अशी की, त्यांतला एकही हॉटेलच्या टेबलावर नीट बसत नाही. 'बक्षीस' वरचा माणूस खालच्याला खूश होऊन देतो. 'इनाम' त्याहून वरचे, त्याला दरबाराचा वास आहे. 'बिदागी' गवयाला, कीर्तनकाराला, निरोपाच्या वेळी. 'दक्षिणा' घेणारा देणाऱ्याहून मोठा. देणारा वर वाकतो. 'ओवाळणी'ला नाते लागते. 'चिरीमिरी'त लाचेची सुरुवात झालेली असते आणि 'चहापाणी' म्हटले की ती पूर्ण होते. हे शेवटचे गमतीचे आहे. जर्मन भाषेतला टिपचा शब्द 'ट्रिंकगेल्ड' आणि फ्रेंचमधला 'पुरब्वार', दोहोंचा अक्षरार्थ प्यायला दिलेले पैसे असाच. त्यांचे चहापाणी वेटरकडे गेले, आपले कचेरीतल्या टेबलाखाली.

उरले दोन शब्द, 'बलुते' आणि 'पोस्त'. बलुते हा हक्काचा वाटा. गावकीची कामे करणाऱ्याला पीक आल्यावर मिळणारा. शब्दकोशात तो हक्क म्हणूनच दिसतो. पण दया पवारांनी १९७८ साली आपल्या आत्मकथनाला तेच नाव दिले, आणि हा हक्क वसूल करताना माणसाला काय काय गिळावे लागते ते पांढरपेशा वाचकाला कळले. देणे खुशीचे असले म्हणजे अपमानकारक आणि हक्काचे असले म्हणजे सन्मानाचे, एवढे सरळ गणित या विषयात चालत नाही. पोस्तकडे शेवटी येतो.

शब्दांची ही यादी देण्याचे कारण असे की, टिप आणि हॉटेलातली सभ्यता या विषयावर आपल्याकडे जे लिहिले जाते ते बहुधा इंग्रजी शिष्टाचाराच्या पुस्तकांचे पाणी घातलेले रूप असते. काटा डाव्या हातात, रुमाल मांडीवर, बिलाच्या दहा टक्के बशीत. (टिप म्हणजे 'तत्परतेची हमी' अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे, ही गोष्टही त्याच लेखांतून फिरते. ती निव्वळ कल्पित व्युत्पत्ती आहे.) मराठी माणूस पैसे देऊन परक्याच्या हातचे जेवायला लागला तेव्हा त्याच्यापुढे काट्याचमच्याचा प्रश्न नव्हता. प्रश्न निराळेच होते, आणि ते अजून पुरते मिटलेले नाहीत.

आपल्या जेवणाच्या रीती पंगतीत घडल्या. पंगतीत वाढणे हे काम नव्हते, मान होता. घरचा जावई, थोरला मुलगा, प्रसंगी यजमान स्वतः तूप वाढी. 'सावकाश होऊ द्या' म्हणणारा आणि आग्रहाची जिलबी पानात टाकणारा माणूस जेवणाऱ्याचा यजमान होता, नोकर नव्हता. शिवाय ब्राह्मणभोजनात पैसे जात ते जेवणाऱ्याकडे. भोजन झाले की हातावर दक्षिणा. वाढणाऱ्याने खाणाऱ्याला द्यायचे, हा आपल्याकडचा जुना प्रवाह. हॉटेलाने तो उलटा फिरवला. ज्या आचाऱ्याने भट्टीशी घाम गाळला, ज्या पाणक्याने घागरी वाहिल्या, त्यांचा हिशेब मात्र पंगतीतही मागच्या दारीच होई. वाढणारा दिसायचा आणि राबणारा दिसायचा नाही, ही विभागणी हॉटेलाने तशीच घेतली. फक्त वाढणाऱ्यालाही मागच्या दाराकडे सरकवले.

आणि पंगतीत कोण बसणार हे जातीने ठरलेले होते. हॉटेलात पैसे टाकील तो बसेल, निदान तत्त्वतः. हा बदल केवढा मोठा होता याची आज कल्पना येत नाही. खाणावळीच्या नावात जातीचा खुलासा असे, 'स्वच्छ' या विशेषणात आरोग्यापेक्षा सोवळे जास्त असे. पैसा मोजूनही बसता येत नाही याचा दाखला बाबासाहेब आंबेडकरांनी लिहून ठेवला आहे. १९१७ साली बडोद्याच्या नोकरीवर गेले असता त्यांना पारशी पथिकाश्रमात नाव बदलून राहावे लागले, आणि जात कळताच काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. स्वतंत्र भारताच्या संविधानाने अनुच्छेद १५च्या दुसऱ्या खंडात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा उल्लेख मुद्दाम केला तो काही उगाच नाही. मूलभूत हक्कांच्या प्रकरणात चहाच्या हॉटेलाला जागा द्यावी लागावी, यात आपल्या समाजाचे वर्णन आले.

संविधान झाले तरी वेगळी कपबशी राहिलीच. शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'त (१९८४) ती आहे. इतर अनेक दलित आत्मकथनांतही आहे. चहा प्यायचा, कप स्वतः विसळायचा आणि ठरल्या जागी ठेवायचा. या गिऱ्हाइकाला टिपेचे आणि टेबलावरच्या रीतीभातीचे धडे कोण देणार? त्याच्याकडून पैसे घेतले जात होते आणि वर कामही करवून घेतले जात होते. हॉटेलातल्या सभ्यतेवरचे मराठीतले सर्वांत नेमके लेखन मला अशा पानांतच सापडते, शिष्टाचाराच्या सदरांत नाही.

याउलट आपले ललित गद्य. हॉटेलावर मराठीत प्रेमाने लिहिलेले उदंड आहे. इराण्याचा ब्रून मस्का, मामा काण्यांचा बटाटेवडा, माटुंग्याच्या उडप्याकडचे केळीचे पान, पुण्यातल्या कट्ट्यावरची कॉफी. चवीची स्मरणशक्ती दांडगी. मिसळीतल्या तर्रीचा रंग चाळीस वर्षांनी आठवतो. ती मिसळ आणून ठेवणाऱ्याचे नाव मात्र क्वचित आठवते. तो 'पोऱ्या' असतो, 'बारक्या' असतो, कळकट फडक्याने टेबल पुसतो आणि पाच ग्लासांत पाच बोटे बुडवून पाणी आणतो. एवढा विनोद झाला की त्याचे काम संपते. गल्ल्यावरचा मालक त्यामानाने नशीबवान, त्याला लकबी तरी मिळतात. अरुण कोलटकरांच्या 'इराणी' या कवितेत शहाची तसबीर आहे, तडकलेल्या कपाटातला केक आहे, मांजर आहे. पण माणूस म्हणून लक्षात राहतो तो काडी पेटवून बसलेला रिकामटेकडा. पुढे वेसाइड इनच्या खिडकीत बसून त्यांनी काळा घोड्याचा चौक न्याहाळला आणि २००४च्या इंग्रजी संग्रहात फुटपाथवरच्या न्याहारीला, इडलीवालीला, तिच्याभोवती जमणाऱ्या गोतावळ्याला अमर केले. नजर खिडकीतून बाहेर गेली. हा दोष नव्हे, पण नोंदवण्यासारखे आहे. निस्सीम इझिकेल यांनी तर इराण्याच्या भिंतीवरच्या सूचनांचीच कविता केली. तिथे गिऱ्हाइकाने कसे वागावे हे मालक सांगतो. वेटर कोणालाच काही सांगत नाही.

तो बोलायचा ते एकदाच, बिल सांगताना. छापील बिल नसायचे तेव्हा गिऱ्हाईक उठले की मागून आरोळी यायची, अमुक आणे, काळी टोपीवाला. शेकडो ऑर्डरी डोक्यात ठेवणाऱ्या या माणसांची दुसरी बाजू मराठीत आली नाही, कारण ती मराठीत घडतच नव्हती. दक्षिण कन्नड भागातून आलेली कितीतरी मुले दिवसभर उडप्याकडे कपबशा विसळून रात्री मुंबईतल्या कन्नड रात्रशाळांत बसत. आपल्यासाठी तो 'अण्णा' होता. वर्गात त्याला नाव होते. मराठीत हे काम स्वतः केलेला मोठा लेखक म्हणजे नारायण सुर्वे. लहानपणी केलेल्या अनेक कामांत हॉटेलातल्या पोऱ्याचेही काम त्यांनी केले. त्यांच्या कवितेला कामगाराकडे वरून पाहता आले नाही याचे एक कारण इथेही शोधता येईल.

'पोऱ्या' हा शब्द विनोदी नव्हता, वयाचे वर्णन होते, हेही सांगायला हवे. चौदा वर्षांखालील मुलांना घरकामाला, ढाब्यांवर आणि हॉटेलांत ठेवायला कायद्याने बंदी झाली ती १० ऑक्टोबर २००६पासून. म्हणजे ज्या सुवर्णकाळाच्या आठवणी आपण दिवाळी अंकांतून काढतो, त्यातला चहा बऱ्याचदा एखाद्या नऊ-दहा वर्षांच्या मुलाने आणलेला होता. त्याच्या हातावर चार आणे ठेवून आपण दिलदार झालो होतो.

टिप दिलदारीचा भाग राहते तेव्हा पगाराचे काय होते, हे अमेरिकेत पाहावे. तिथे यादवी युद्धानंतर पुलमन कंपनीने गुलामीतून सुटलेल्या काळ्या माणसांना रेल्वेच्या डब्यांत हमाल-सेवक म्हणून ठेवले, तुटपुंज्या वेतनावर; बाकीचे प्रवाशांच्या खुशीवर. टिपेविरुद्ध तिथे चळवळही झाली. वॉशिंग्टन राज्याने १९०९ साली बंदीचा कायदा केला, विल्यम स्कॉट या लेखकाने १९१६ साली टिपेला लोकशाहीविरोधी ठरवणारे पुस्तक लिहिले. १९२६पर्यंत असे सगळे कायदे मोडीत निघाले. आज टिप घेणाऱ्या कामगाराला मालकाने द्यायचे किमान संघीय वेतन तासाला २.१३ डॉलर आहे, आणि ते १९९१पासून हललेले नाही. एरवीचे किमान वेतन ७.२५ डॉलर. मधली दरी गिऱ्हाइकाने भरायची. मुलाकडे गेलेले आपले आईवडील बिलावरचे वीस टक्के पाहून दचकतात आणि तिथल्या औदार्याचे कौतुक करत परततात. ते औदार्य नाही. मालकाने गिऱ्हाइकाच्या खिशात सरकवलेला पगारपत्रक आहे तो.

आपल्याकडे हीच गोष्ट 'सेवाशुल्क' म्हणून आली. बिलात पाच ते दहा टक्क्यांची एक ओळ, करांच्या ओळींना खेटून, जणू सरकारचीच. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी ती आपोआप लावायला मनाई केली, हॉटेलचालकांच्या संघटना न्यायालयात गेल्या, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी त्यांच्या याचिका फेटाळून प्रत्येकी एक लाखाचा खर्चही बसवला. निकाल योग्यच. पण त्यावर मराठी वर्तमानपत्रांतून जो आनंद उमटला तो 'आता द्यावे लागणार नाही' एवढाच होता. त्या ओळीतले पैसे पूर्वी कोणाकडे जात होते आणि यापुढे त्या माणसाला काय मिळणार, हे विचारणारे फार थोडे. त्याआधी २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने आयटीसीच्या प्रकरणात, कार्डाने दिलेली टिप ही पगार नाही, मालक ती केवळ विश्वस्त म्हणून जवळ ठेवतो, असे म्हटले होते. प्रश्न प्राप्तिकर कापण्याचा होता, पण वाक्य मोलाचे आहे. पैसे मालकाच्या गल्ल्यातून गेले तरी ते त्याचे नाहीत.

रोकड होती तोवर हे सांगावे लागत नव्हते. बिल येई, नोट जाई, बडीशेपेच्या बशीत मोड परत येई. मुरलेला वेटर पन्नासची नोट कधी परत आणत नसे, दहा-दहाच्या पाच आणी. ही त्याची कला होती, आणि गिऱ्हाइकालाही ती ठाऊक असे. २०१६नंतर यूपीआय आले. चारशे सदतीसचे बिल चारशे सदतीसलाच भागते. बशी राहिली, तीत बडीशेप आणि खडीसाखर राहिली. ज्याच्या खिशात सुटे नाहीत तो आता न देता उठतो आणि त्याला काही चुकल्यासारखेही वाटत नाही. मागे एका नावाजलेल्या हॉटेलात मी वेटरला विचारले, कोडवर जास्तीचे टाकले तर तुम्हाला मिळतात का? त्याने गल्ल्याकडे पाहिले आणि पाणी हवे का विचारले.

सभ्यतेचा दुसरा भाग बोलण्याचा, आणि इथे मराठीने आपल्याला लपायला जागा ठेवलेली नाही. इंग्रजीत एक सर्वनाम भागते. आपल्याला तोंड उघडताच 'तू' की 'तुम्ही' ठरवावे लागते. पंचावन्न वर्षांच्या वेटरला विशीतला मुलगा 'ए, जरा पाणी आण' म्हणतो आणि शेजारच्या टेबलावरच्या त्याच वयाच्या अनोळखी गृहस्थाला 'काका, ही खुर्ची घेऊ का?' असे विचारतो. शुकशुक करणे, चुटकी वाजवणे हे त्याचेच बिनशब्दाचे रूप. अलीकडे 'दादा', 'भाऊ', 'मावशी' आले आहेत, पण क्रियापद बऱ्याचदा जुनेच राहते: 'दादा, फडका मार ना इथे.' नाते जोडले, मान नाही जोडला. अशा टेबलावर वीस टक्के ठेवले तरी त्याचे नाव बक्षीसच.

दिल्लीच्या निकालात एक बारीकशी सूचना आहे. 'सेवाशुल्क' हा शब्द दिशाभूल करतो, तेव्हा ऐच्छिक वर्गणी, कर्मचाऱ्यांसाठीची वर्गणी असे काही नाव देण्याचा विचार व्हावा, अशी. मेनूकार्ड मराठीत छापणारी हॉटेले आता बरीच आहेत; त्यांनी बिलही मराठीत छापायचे ठरवले तर त्या ओळीत काय लिहावे? मी 'पोस्त' सुचवीन. दिवाळीला पोस्तमन, रखवालदार, कचरा नेणारा दारात येतो तेव्हा तो मान खाली घालून येत नाही. बेल वाजवून, हक्काने पोस्त मागतो, आणि आपणही ती देऊन स्वतःला उदार समजत नाही. आकडा कुठे लिहिलेला नसतो, पण गेल्या वर्षीपेक्षा कमी देताना देणारा ओशाळतो. घेणारा नाही. या शब्दात पगाराची हमी नाही, ती कायद्याने आणि मालकानेच द्यायची. आणि पोस्त मिळायला वर्षभराची ओळख लागते, वेटरची ओळख पाऊण तासाची. तरी ज्या हॉटेलात आपण वर्षानुवर्षे त्याच कोपऱ्यातल्या टेबलावर बसतो, तिथल्या माणसाला या दिवाळीत पाकीट द्यायचे ठरवले, तर त्यावर लिहायला त्याचे नाव आधी विचारावे लागेल.