दहा दिवसांचे आयुष्य : पुण्यातील बालथडगी आणि मराठी स्मृती

पुण्याच्या लष्कर भागातील जुन्या ख्रिस्ती दफनभूमींविषयी मराठीत जे थोडेफार लिहिले जाते, त्यात हुद्दे फार असतात. कोणता कर्नल कोठे पुरला, कोणत्या लढाईतला कॅप्टन कोणत्या झाडाखाली. या लेखनात वर्षाच्या आत गेलेले मूल सहसा येत नाही. वास्तविक एकोणिसाव्या शतकातील छावण्यांत पटकी, हगवण, देवी आणि हिवताप यांनी पाळणे भराभर रिकामे केले.

थडग्यावरचा मजकूर हा एक लहानसा वाङ्मयप्रकार आहे असे मी मानतो. त्याचे संकेत ठरलेले असतात. मोठ्या माणसाचे वय वर्षांत सांगतात, तान्ह्याचे महिन्यांत आणि दिवसांत. बापाचे नाव पलटणीसह येते, आईचे त्याच्या मागून. बाळाचे नाव कधी असते, कधी नुसतेच ‘तान्हा मुलगा’. ज्याच्याबद्दल सांगण्यासारखे काही घडलेच नाही, त्याचे चरित्र म्हणजे ही मोजदाद. पुढे पलटण हलली की आईबापही हलत. दगड पुन्हा दिसण्याची आशा थोडीच असे, म्हणजे तो मजकूर अनोळखी वाचकासाठीच लिहिलेला असे. तो वाचक आपण आहोत, हे आपल्या ध्यानात येत नाही.

जतन कशाचे होते, याचे उत्तर खडकीत मिळते. तेथील युद्धस्मशानभूमी राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोग निगुतीने सांभाळतो. तेथेच पहिल्या महायुद्धकाळातल्या अठराशेंहून अधिक सैनिकांची नावे एका स्मारकावर आहेत. हे सैनिक पुरले गेले भारतभरच्या नागरी आणि छावणी दफनभूमींत. तिथल्या थडग्यांची निगा राखणे शक्य उरले नाही, म्हणून नावे तरी खडकीला आणली. व्यवस्था चांगलीच आहे. पण त्याच दफनभूमींत, त्याच मातीत पुरलेल्या बालकांची नावे कोणी कोठे हलवली नाहीत. आयोगाला दोष देण्यात अर्थ नाही. त्याचे काम युद्धातल्या मृतांपुरते. दोष आपल्या ‘ऐतिहासिक’ या शब्दाचा आहे. मृताने काही केलेले असले तरच त्याचा दगड ऐतिहासिक, अशी ही व्याख्या. दहा महिन्यांच्या मुलाने करायचे तरी काय?

आता दगड नसलेल्या बाजूकडे वळू. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात दोन वर्षांच्या आतील मुलाला गावाबाहेर शुद्ध भूमीत पुरायला सांगितले आहे. त्याला अग्नी नाही, उदक नाही, अस्थिसंचय नाही. अरण्यात लाकूड टाकून यावे तसे ठेवून यायचे आणि तीन दिवस पाळायचे. पुरण्याची चाल घरोघर टिकली, खूण करण्याची चाल पडलीच नाही. श्राद्ध नाही म्हणून तिथीही नाही. तेव्हा मराठी घरातल्या तान्ह्याला राहायला एकच जागा उरते, ती भाषेत.

तिथे त्याचे काय होते? गोविंदाग्रजांच्या ‘राजहंस माझा निजला’मधली आई गेलेले मूल झोपले आहे असे धरून बसते. न्यायला आलेल्यांच्या हाती ते देत नाही. ही कविता भाबडी आहे असे म्हणणारे मला भेटले आहेत. मला ती आपल्या रूढीला दिलेले सर्वांत कठोर उत्तर वाटते. एकदा बाळ हातातून गेले की मागे जागाही उरणार नाही, हे त्या आईला पुरते ठाऊक आहे.

चरित्रकारांची गोष्ट वेगळी. आनंदीबाई जोशींना चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. त्यांचे इंग्रजी चरित्र कॅरोलाइन डॉल यांनी १८८८ मध्ये बॉस्टनला प्रसिद्ध केले. पाठोपाठ काशीबाई कानिटकरांनी मराठी चरित्र लिहिले, पुढे श्री. ज. जोशींची कादंबरी आली, नाटक आले, चित्रपट आला. आजच्या पाठ्यपुस्तकी सांगण्यात ते बाळ येते ते कारण म्हणून. ते गेले, म्हणून आई डॉक्टर झाली. वाक्य संपले, बाळही संपले. कार्यकारणाची ही घाई मला खटकते. पलटणीतला बाप निदान दिवस मोजत होता. आपण दहा दिवस मोजतो ते पुढच्या वाक्याला उडी मारण्यासाठी.

दगड कायमचे टिकणार नाहीत, हे उघड आहे. लहान थडगी बुटकी. ती आधी मातीत जातात, आणि शहरात नव्या मृतांनाही जागा हवीच असते. म्हणून दगडाआधी मजकूर वाचवावा, अशा मताचा मी आहे. १९७६ मध्ये स्थापन झालेल्या एका ब्रिटिश संस्थेने दक्षिण आशियातील युरोपीय दफनभूमींच्या नोंदी जमवून लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत ठेवल्या आहेत. मुंबई इलाख्यातील चर्चच्या दफनविधींच्या नोंदीही तिथेच. पण देवनागरीत कोरलेल्या थडग्यांची मोजणी करायला लंडनहून कोण येणार? सोलापूर रस्त्यावरील सेंट सेपल्करसारख्या दफनभूमीत वही घेऊन जाणे हे मराठीच्या अभ्यासकाचेच काम. नाव, वय, आईचे नाव, आणि दिवस लिहिले असतील तर दिवसही उतरवून घ्यावेत.

आनंदीबाई २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या. त्यांची रक्षा थिओडोशिया कार्पेंटर यांच्याकडे अमेरिकेला गेली आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सीच्या दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत ठेवली गेली. तिथे त्यांच्या नावाचा दगड आहे, त्यावर त्यांचे शिक्षण कोरले आहे. मराठी माणसे हौसेने जाऊन त्याची छायाचित्रे काढून आणतात. त्यांच्या मुलाची छायाचित्र काढण्याजोगी जागा कोठेही नाही.