‘यशस्वी’ म्हणजे नेमके काय?

छोट्या उपग्रहांवर हल्ली पुष्कळ लिहिले जाते. बहुतेक लेख वजन, खर्च आणि ‘चाचणी यशस्वी’ एवढ्यावर संपतात. चाचणी कशाची होती, ते क्वचितच कळते. नवे तंत्र कक्षेत चालते का हे पाहण्यासाठी पाठवलेला उपग्रह हा एक प्रयोगच असतो. प्रयोगवहीत आपण मुलांकडून उद्देश, कृती, निरीक्षण, अनुमान मागतो; लेखकांकडून मात्र अनुमानावरच समाधान मानतो.

‘लाइटसेल’चेच पाहा. कार्ल सेगन यांच्यासह तिघांनी १९८० मध्ये स्थापन केलेल्या अमेरिकेतील ‘प्लॅनेटरी सोसायटी’ने लोकांच्या देणग्यांतून हे दोन उपग्रह उडवले. प्रत्येकी वस्तुमान सुमारे ५ किलोग्रॅम, लांबी सुमारे ३० सेंटिमीटर, आणि आत घडी घातलेले ३२ चौरस मीटरचे चकचकीत शीड. प्रकाशाच्या दाबाने यान पुढे जाते, हे जपानच्या ‘इकारोस’ने २०१० मध्येच दाखवले होते. इथला प्रश्न वेगळा होता: इतक्या लहान डब्यातून असे शीड नेता, उघडता आणि पृथ्वीभोवती फिरताना वळवता येईल का?

प्रकाशाचा दाब प्रयोगशाळेत मोजता येतो. पण सगळा प्रकाश परावर्तित झाला असे धरले तरी या संपूर्ण शिडावरचे बल ०.३ मिलिन्यूटनच्या आतच राहते, म्हणजे तांदळाच्या एक-दोन दाण्यांच्या वजनाइतके. जमिनीवर गुरुत्वाकर्षण आणि हवा यांपुढे त्याचे काय चालणार?

पहिला उपग्रह २० मे २०१५ रोजी गेला. त्याची कक्षा इतकी खालची होती की हवेचा रोध प्रकाशाच्या दाबापेक्षा जास्त. त्यामुळे शीड उघडते का, एवढेच पाहायचे होते. दोनच दिवसांत संगणक गोठला, कारण नोंदींची एक फाइल वाढत वाढत मर्यादेबाहेर गेली होती. आठेक दिवसांनी, बहुधा एखाद्या विद्युतभारित कणाच्या आघाताने, तो पुन्हा सुरू झाला. ७ जूनला शीड उघडले. माझ्या मते या उड्डाणातले सर्वांत मोलाचे निरीक्षण ती फाइल हेच आहे. पण लेखांत ते गाळले तरी जाते, नाहीतर चमत्कार म्हणून सांगितले जाते.

दुसऱ्या उपग्रहाने जुलै २०१९ मध्ये सुमारे ७२० किलोमीटर उंचीवर शीड उघडले. ‘प्रकाशाने कक्षा उंचावली’ अशा बातम्या आल्या. हे अर्धेच खरे! चार दिवसांत कक्षेचा सर्वांत उंच बिंदू सुमारे १.७ किलोमीटर वर गेला. सर्वांत खालचा बिंदू जवळपास तेवढाच खाली आला. संस्थेने स्वतः दोन्ही गोष्टी जाहीर केल्या होत्या. दुसरी गाळली ती सांगणाऱ्यांनी. पुढे हवेच्या रोधाचीच सरशी झाली आणि १७ नोव्हेंबर २०२२ रोजी तो वातावरणात शिरून नष्ट झाला.

नववी-दहावीच्या वर्गात एक गणित घालता येईल. ५ किलोग्रॅमच्या यानावर ०.२९ मिलिन्यूटन बल दिवसभर एकाच दिशेने लागले, तर वेग किती वाढेल? उत्तर सेकंदाला सुमारे ५ मीटर येते. मग विचारावे, की यान पृथ्वीभोवती फिरताना निम्मा वेळ सूर्याच्या दिशेने जात असते. तेव्हा शीड कसे धरायचे? ‘लाइटसेल २’ त्या वेळी शिडाची कड सूर्याकडे करत असे आणि त्यासाठी प्रत्येक फेरीत दोनदा काटकोनात वळत असे.