मुक्त स्रोत सॉफ्टवेअर आणि मराठी वाचकाचा वाटा : एक समीक्षा

प्रस्तावना

मुक्त स्रोत सॉफ्टवेअरचा विषय निघाला की दोन समजुती हटकून पुढे येतात. पहिली, हे सॉफ्टवेअर फुकट मिळते. दुसरी, ते घडविण्याचे काम केवळ प्रोग्रामरचे असते. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली, तेव्हापासून या चळवळीचा आग्रह किमतीचा नसून स्वातंत्र्याचा आहे. सॉफ्टवेअर वापरण्याचे, त्याची रचना अभ्यासण्याचे, त्यात बदल करण्याचे व ते इतरांना देण्याचे हे स्वातंत्र्य होय. त्यामुळे पहिली समजूत अपुरी ठरते. दुसरी मात्र अधिक घातक आहे. ज्याला आज्ञावली वाचता येत नाही त्याच्यासाठी अभ्यासाचे व बदलाचे स्वातंत्र्य कागदोपत्रीच उरते काय, हा प्रश्न ती विचारूच देत नाही. वाशीमसारख्या जिल्ह्यातील कला शाखेच्या विद्यार्थ्याने तर तो प्रश्न आपला नाहीच असे गृहीत धरलेले असते.

प्रस्तुत लेखात मराठी वापरकर्त्यासमोर पडद्यावर येणारा मजकूर हा एक पाठ मानून त्याची समीक्षा केली आहे. प्रोग्रामर नसलेल्या मराठी वाचकाने या पाठात काय दुरुस्त केले, कोणते शब्द दिले आणि कोठे त्याचा हात पोहोचला नाही, हे तपासणे हा या विवेचनाचा हेतू आहे.

‘अनेक डोळे’ आणि वाचता येणारा डोळा

‘ओपन सोर्स’ ही संज्ञा १९९८ मध्ये रूढ झाली. योगायोग असा की अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन १ जुलै १९९८ रोजी वाशीम जिल्हा अस्तित्वात आला, तेही हेच वर्ष. एरिक रेमंड यांचा ‘द कॅथीड्रल अँड द बझार’ हा निबंध त्याच्या आदल्या वर्षीचा. तपासणारे डोळे पुष्कळ असतील तर दोष लपून राहत नाही, हा त्यातील विचार पुढे या चळवळीचे ब्रीदच बनला. समीक्षेच्या दृष्टीने येथे एक उणीव दाखवावी लागते. डोळ्यांची संख्या मोजताना ते डोळे कोणती लिपी वाचतात हे रेमंड यांच्या विचारात आलेले नाही. देवनागरी न जाणणारे हजार डोळे एका पानावरून फिरले तरी मोडलेले जोडाक्षर त्यांना नक्षीसारखेच दिसणार.

मराठी मुद्रणाच्या इतिहासात ही गोष्ट फार पूर्वी ओळखली गेली होती. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याची कीर्ती सुबक खिळ्यांमुळे झाली, तशीच ती शुद्ध छपाईमुळेही झाली. पंडित दुर्गाप्रसाद आणि काशीनाथ पांडुरंग परब यांनी संपादिलेली ‘काव्यमाला’ त्याची साक्ष आहे. परबांसारख्या शास्त्र्याला खिळे पाडता येतात काय, असे कोणी विचारले नाही. खिळे पाडणारा आणि पाठ शोधणारा हे दोघेही ग्रंथाचे कर्तेच होते. सॉफ्टवेअरच्या जगात मात्र पाठ शोधणाऱ्याला दीर्घकाळ ‘केवळ वापरकर्ता’ म्हटले गेले.

दर्या, दऱ्या आणि वऱ्हाड

मराठीत ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोलगट भाग. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांत तर विद्यापीठ आणि स्वयंपाकघर एवढे अंतर आहे. हा भेद रफार आणि ‘चंद्रकोरी’ र यांच्यावर उभा आहे. हिंदीला या दुसऱ्या चिन्हाची गरज पडत नाही, त्यामुळे हिंदीचा नमुना समोर ठेवून देवनागरी टंक घडविणाऱ्या अभियंत्याला ते चिन्ह मोडले तरी कळण्याचे कारण नाही. मराठी वाचकाला मात्र ते पहिल्याच ओळीत खुपते. वऱ्हाडातील वाचकाला तर अधिकच, कारण टंक सदोष असेल तर त्याच्या प्रांताचे नावच चुकीचे उमटते.

येथे आणखी एक बारकावा आहे. युनिकोडमध्ये हे चिन्ह दोन मार्गांनी लिहिता येते. एक मार्ग ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराला हलन्त जोडण्याचा. दुसरा साध्या ‘र’ला हलन्त जोडून त्यापुढे एक अदृश्य सांधा ठेवण्याचा. पडद्यावर दोन्ही रूपे एकसारखी दिसतात. पण संगणकाच्या लेखी ती भिन्न अक्षरमालिका असल्याने एका रूपाने शोध घेतला तर दुसऱ्या रूपात लिहिलेला शब्द हाती लागेलच असे नाही. ‘ॲ’ या अक्षराचीही अशीच कथा आहे. २००८ मध्ये युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत त्याला स्वतंत्र स्थान मिळाले. तोवर ‘अ’वर चंद्र ठेवून वेळ भागवली जात असे, आणि त्या काळातील मजकूर अजूनही तसाच पडून आहे. मराठी वळणाच्या ‘ल’ आणि ‘श’ यांना शासनाने २००९ च्या लिपिविषयक निर्णयात प्रमाण ठरविले. मुक्त टंकांत रेड हॅट कंपनीने २००४ मध्ये खुल्या केलेल्या ‘लोहित’ मालिकेत मराठीसाठी निराळा टंक होता. पुढे एकाच देवनागरी टंकात भाषेनुसार अक्षररूप बदलण्याची व्यवस्था आली.

अशा दोषांची नोंद करण्यासाठी आज्ञावली यावी लागत नाही. कोणता शब्द, कोणत्या टंकात, कोणत्या आवृत्तीत, कसा दिसायला हवा होता आणि कसा दिसला, एवढे नेमकेपणाने लिहून सोबत पडद्याचे चित्र जोडावे लागते. साहित्याच्या अभ्यासकाला हे काम अपरिचित नाही. त्याला पाठचिकित्सा म्हणतात. कारंजा येथील जैन ग्रंथभांडारांतील अपभ्रंश हस्तलिखिते १९३० च्या दशकात प्रा. हिरालाल जैन यांनी संपादित केली ती याच शिस्तीने, प्रतींमधील पाठभेद नोंदवीत. आज वाशीम जिल्ह्यात असलेल्या गावाला ही परंपरा लाभली असताना येथील मराठी विभागांनी दोषनोंद हे काम संगणक विभागाचे समजावे, हे समर्थनीय वाटत नाही.

धूळपाटी, चावडी आणि ‘अविशिष्ट’ लेख

दोषनोंदीपेक्षा अधिक दिसणारे काम अनुवादाचे. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया मीडियाविकी या मुक्त सॉफ्टवेअरवर चालतो. त्याच्या पडद्यावरील संदेशांचा अनुवाद स्वयंसेवकांनी केला. त्यासाठी पुढे फिनलंडच्या निक्लास लाक्सट्रोम यांनी उभारलेले ट्रान्सलेटविकी हे सामायिक स्थान उपलब्ध झाले. या अनुवादातील काही शब्द मराठी भाषेच्या इतिहासात नोंद घेण्याजोगे आहेत.

नवशिक्या संपादकाने निर्धास्तपणे सराव करावा अशा पानाला इंग्रजीत मुलांच्या खेळण्याच्या वाळूच्या चौकटीचे नाव आहे. मराठी अनुवादकाने वाळू बाजूस सारून ‘धूळपाटी’ हा शब्द उचलला. फळीवर धूळ पसरून बोटाने अक्षर गिरवावे, चुकले तर हात फिरवून पुन्हा लिहावे, ही जुन्या शाळेतील रीत त्या एका शब्दात साठवलेली आहे. मूळ शब्दात खेळ आहे, तर मराठी शब्दात शिकणे आहे आणि चुकण्याची मुभाही आहे. त्या पानाचे प्रयोजन मूळ शब्दापेक्षा मराठी शब्दाने अधिक नेमके सांगितले, असे म्हणण्यास हरकत नाही. सर्वांनी एकत्र येऊन चर्चा करण्याच्या पानाला ‘चावडी’ म्हटले, तेही असेच. आपण नजर ठेवून असलेल्या पानांच्या यादीला ‘पहाऱ्याची सूची’ हे नाव मिळाले. त्यात गावच्या जागल्याची आठवण आहे, आणि नेमके चंद्रकोरी र असलेले जोडाक्षरही.

याच्या शेजारी ‘अविशिष्ट लेख’ हा शब्दप्रयोग ठेवून पाहावा. कोणताही एक लेख सहज उघडून देणाऱ्या दुव्याचे हे नाव. ‘अविशिष्ट’ या शब्दाने वाचकाला वाटावे की ज्यात विशेष काही नाही असा लेख येथे मिळेल. ‘कोणताही लेख’ एवढे सुटसुटीत मराठी हाताशी असताना हा शब्द का आला असावा? त्याचे मूळ मराठीच्या परिभाषा घडविण्याच्या सवयीत दिसते. ‘राज्यव्यवहारकोशा’पासून १९६० मध्ये स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाच्या कोशांपर्यंत, नवा शब्द हवा की संस्कृतकडे हात जातो. त्यातून उत्तम शब्दही मिळाले. ‘संगणक’ आज कोणास परका वाटत नाही. परंतु कोशातील शब्द वाचकापुढे ठेवून, तो वापरून पाहून, नको असल्यास परत घेण्याची सोय छापील कोशात नसते. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये ती असते, आणि हेच त्याचे खरे वैशिष्ट्य. २००८ मध्ये सुरू झालेल्या ‘फ्युएल’ उपक्रमाने ती ओळखली. संगणकावर वारंवार दिसणाऱ्या शब्दांची यादी करून प्रत्येक भाषेच्या जाणकारांनी एकत्र बसून त्यांवर निर्णय करावा, अशी त्याची पद्धत. येथे भाषा जाणणाऱ्यांचे मत हाच कामाचा गाभा होता.

‘चित्र काढा’

अनुवादाच्या कामाचे कौतुक करताना त्यातील मुख्य अडचण झाकली जाऊ नये. अनुवादकापुढे सलग मजकूर येत नाही. सुटी वाक्ये येतात. वर इंग्रजी ओळ, खाली रिकामी जागा. ती ओळ बटणावर आहे की शीर्षकात, ती आज्ञा आहे की वर्णन, हे कळत नाही. पानावरील चित्र हटविण्याची आज्ञा एखाद्याने ‘चित्र काढा’ अशी अनुवादली तर शब्दार्थ चुकला असे म्हणता येत नाही. पण वापरकर्ता रंग आणि कुंचला शोधू लागेल. ‘उघडा’ हे आज्ञार्थी क्रियापद आहे तसेच पुल्लिंगी विशेषणही आहे, आणि त्यातून होणारा विनोद सांगण्याची आवश्यकता नाही.

व्याकरण आणखी अडवते. इंग्रजीत ‘अमुक हटविले’ असा एकच साचा ठेवून त्यात कोणतेही नाम बसविता येते. मराठीत फाईल हटविली, फोल्डर हटविला, चित्र हटविले. विभक्तीचेही तसेच. रिकाम्या जागेत गावाचे नाव भरून त्यापुढे ‘ला’ लावण्याचा साचा केला की ‘अकोला ला’ आणि ‘पुणे ला’ अशी रूपे उमटतात. ‘अकोल्याला’ आणि ‘पुण्याला’ होण्यासाठी लागणारे सामान्यरूप साच्याला ठाऊक नसते. ‘वाशीमला’ आणि ‘रिसोडला’ मात्र बिनचूक उमटतात, म्हणून चाचणी घेणाऱ्याने योगायोगाने हीच नावे घेतली तर दोष लक्षात येणार नाही. मोरो केशव दामले यांचे व्याकरण १९११ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील सामान्यरूपविचार ज्याने अभ्यासला आहे तो साचा कोठे मोडेल हे आधीच सांगू शकतो. हे सांगणे म्हणजे आज्ञावलीच्या रचनेवर टीका करणे होय. वचन आणि लिंग यांनुसार वाक्य बदलण्याची जी सोय आज मीडियाविकीत आहे, तिची गरज इंग्रजीपुरता विचार करणाऱ्याला तीव्रतेने जाणवण्याचा संभव नव्हता. प्रत्येक संदेश कोठे दिसतो व त्याचा आशय काय, हे अनुवादकांसाठी समजावून सांगणाऱ्या टिपा लिहिण्याची व्यवस्था ट्रान्सलेटविकीवर आहे. त्या टिपा लिहिणे हे काम अनुवादाहूनही दुर्लक्षित, आणि भाष्याची सवय असलेल्या साहित्याच्या विद्यार्थ्याला सर्वांत जवळचे.

अलीकडे यंत्रानुवादाने रिकाम्या जागा झपाट्याने भरता येतात. त्यामुळे अनुवादकाची गरज संपली असा निष्कर्ष घाईचा ठरेल. यंत्र ‘चित्र काढा’ असे निःशंकपणे लिहिते. पूर्वी रिकामी जागा निदान रिकामी दिसत असे. आता ती भरलेली दिसते आणि वाचणारा नसेल तर चूक तशीच मुरते.

स्थानिक ज्ञानाचा प्रश्न

वाशीमपुरते पाहिल्यास दोन क्षेत्रांत येथील माणसाला पर्याय नाही. पहिले नकाशाचे. २००४ मध्ये सुरू झालेला ओपनस्ट्रीटमॅप हा मुक्त नकाशा उपग्रहचित्रावरून रस्ता आखू शकतो, नाव सांगू शकत नाही. मालेगाव नाशिक जिल्ह्यातही आहे आणि येथेही. कारंजा लाड वेगळे, वर्धा जिल्ह्यातील कारंजा घाडगे वेगळे. जिल्ह्याचे नाव ‘वाशीम’ लिहावे की ‘वाशिम’, यावर पाट्यांचे एकमत नाही. वस्ती, तांडा, शिवार यांची लोकांच्या तोंडी असलेली नावे महसुली नोंदीतील नावांहून निराळी निघतात. त्यांतील कोणते मुख्य आणि कोणते पर्यायी नोंदवायचे, हा निवाडा गावातच होऊ शकतो.

दुसरे क्षेत्र आवाजाचे. मोझिलाने २०१७ मध्ये सुरू केलेल्या ‘कॉमन व्हॉइस’ या खुल्या ध्वनिसंग्रहात मराठीचाही समावेश आहे. त्यात एकजण दिलेले वाक्य वाचतो आणि इतर ऐकून ते बरोबर वाचले काय याचा कौल देतात. वऱ्हाडी बोलणारा ‘डोळा’ हा शब्द सवयीने ‘डोया’ असा वाचू शकतो. हा उच्चारभेद मानावा की वाचनदोष? उच्चारभेदांना वाव असावा अशी या संग्रहाची भूमिका असली तरी कौल देणारा कान पुण्याचा असेल तर तो एका बाजूला झुकणार. असे नाकारलेले ध्वनिमुद्रण संग्रहात कुचकामी ठरते, आणि त्या संग्रहावर शिकलेले यंत्र पुढे मंगरूळपीरच्या शेतकऱ्याचे बोलणे ओळखत नाही. बंजारा समाजाचे श्रद्धास्थान असलेले पोहरादेवी याच जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यात आहे. गोरबोलीच्या बाबतीत तर देवनागरीत ती कशी लिहावी येथूनच चर्चेचा आरंभ करावा लागेल. कौल देणाऱ्यांत वऱ्हाडी कान किती आहेत, हे मात्र येथील महाविद्यालयांतील किती विद्यार्थी ती वाक्ये ऐकायला बसतात यावर अवलंबून आहे. त्यासाठी हेडफोन, इंटरनेट आणि दिवसाची दहा मिनिटे लागतात.