तडा पावसाळ्याचा नव्हे

पितळ गंजत नाही, असे आपण वर्गात सहज सांगून जातो. अपवाद म्हणून एक गोष्टही सांगतो. इंग्रजी अमलात फौजेची काडतुसे पावसाळ्यात तबेल्यांत ठेवत आणि पुढे बाहेर काढल्यावर त्यांच्या पितळी पुंगळ्या तडकलेल्या आढळत. या प्रकाराला इंग्रजीत नावच ‘ऋतूचा तडा’ असे पडले. औरंगाबादच्या (आजचे छत्रपती संभाजीनगर) छावणीत हैदराबाद कंटिंजंटचे घोडदळ असे. त्यामुळे तबेल्याचे चित्र इथल्या मुलांच्या डोळ्यांपुढे चटकन उभे राहते. गोष्ट चांगली आहे. आपण ती अर्धीच सांगतो, ही माझी तक्रार.

ऐकणारा पावसाला दोष देतो. जरा चौकस मुलगा घोड्यांच्या मूत्रातून सुटणाऱ्या अमोनियाला देतो. पण तीच पुंगळी आधी सुमारे 250 ते 300 अंश सेल्सिअसपर्यंत तापवलेली असेल तर त्याच अमोनियात ती टिकते! मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी 1921 साली दाखवले ते हेच. ओलावा आणि अमोनिया लागतातच. पण तिसरा गुन्हेगार पितळातच दडलेला असतो. सत्तर टक्के तांबे व तीस टक्के जस्ताची चकती दाबून, ओढून तिची पुंगळी होते. या ओढाताणीचा ताण धातूत शिल्लक राहतो. गोळीवर आवळलेल्या तोंडाशी तो जास्त, म्हणून तडाही बहुधा तिथेच.

हे कळले नाही की दुसरी चूक होते. वापरलेली पुंगळी पुन्हा भरण्याजोगी आहे का, असे विचारले तर मुले (आणि आपणही) चकचकीत पुंगळी निवडतात. काही लष्करी पुंगळ्यांच्या तोंडाशी निळसर करडी झाक दिसते. तिला ‘जळकी’ म्हणून बाजूला टाकतात. वास्तविक ती झाक म्हणजे तोंड तापवून मऊ केल्याची खूण. उलट बुडाच्या किंचित वर चकचकीत कडे दिसले, तर तिथे भिंत ताणून पातळ झाल्याची शंका घ्यावी. टोक वाकवलेली तार आतून फिरवली की खोबण हाताला लागते. दर बाराला पुंगळी फुगते, भरण्यापूर्वी पुन्हा आवळली जाते, आणि प्रत्येक वेळी पितळ अधिक कडक व ठिसूळ होते. पॉलिशने यातले काहीच बदलत नाही. अमोनिया असलेल्या पॉलिशने तर नुकसानच.

एनसीसीच्या सरावात मोजून परत कराव्या लागणाऱ्या पॉइंट टू-टू पुंगळ्यांचा प्रश्नच नाही. त्यांचा स्फोटक मसाला बुडाच्या कडेत असतो आणि घोड्याच्या टाचणीने ती कडच चेपलेली असते. त्या पुन्हा भरता येत नाहीत.

परवान्याशिवाय काडतूस भरणे 1959 च्या शस्त्र कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा वर्गात पुंगळ्या नकोत. ताण शोधण्याची पाऱ्याच्या क्षाराची चाचणीही नको. ते विष आहे. तांब्याची जाड तार पुरे. ती पुन्हा पुन्हा वाकवायला लावा. दर खेपेस जोर जास्त लागतो. मग चिमट्यात धरून लाल होईपर्यंत तापवा, निवू द्या आणि त्याच मुलाच्या हातात द्या. तार काळवंडलेली असेल. वाकवायला मात्र पहिल्यासारखी मऊ.