ग्रंथालय-संघाचे सभासदत्व : एक विचार

सामायिक वर्गणीच्या संघात विद्यापीठ-ग्रंथालयाने राहावे की नाही, या प्रश्नाचा विचार बहुधा हिशेबाच्या वहीवरच संपतो. त्याची खरी कसोटी शहापूर-मुरबाडकडे पाहिले असता लागते.

इन्फ्लिबनेटच्या आश्रयाने २०१५ मध्ये तीन संघ एकत्र येऊन ई-शोधसिंधू झाला. पुढे २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेने ३० आंतरराष्ट्रीय प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके शासकीय विद्यापीठांस खुली केली. एवढी वर्गणी एकट्या ग्रंथालयास पेलणे अशक्य. मुरबाडला रेल्वे नाही. तेथून येणाऱ्या संशोधकास हे वाचन घरी मिळावे, हा लाभ थोडा नव्हे.

परंतु हाच संशोधक कातकरी बोलीकडे वळला की उणीव जाणवते. ग्रिअर्सनच्या सर्वेक्षणाचा १९०५ चा मराठी खंड, घाटगे यांचा ठाण्याच्या वारलीवरील ग्रंथ, मराठी नियतकालिकांचे जुने अंक, ही त्याची आधारसामग्री. तिचा या वर्गणीशी संबंध नाही. म्हणून संघ सोडावा, हा आक्षेपकांचा निष्कर्ष मात्र ग्राह्य नाही. सोडल्याने हे ग्रंथ मिळणार नाहीत, आणि असलेलेही जाईल.

दोष सभासदत्वाचा नसून, त्याच्या भरवशावर मराठी ग्रंथखरेदीस कात्री लावण्याचा आहे. सभासदत्व ठेवावे, खरेदीची तरतूद स्वतंत्र राखावी, आणि आपले प्रबंध शोधगंगेत वेळेवर जमा करावेत. देवघेवीतील देण्याची बाजू आपणच आजवर दुर्लक्षिली आहे.